प्रशिया म्हणजे नक्की कुठलं गाव?

शेजारच्या आजींच्या जेवणाच्या टेबलावर गेल्या दोन वर्षांत कुणी जेवलेलं मी पाहिलेलं नाही. तिथे त्यांचे खापरपणजोबा पसरलेले असतात, कागदांच्या रूपात.

अमेरिकेतल्या मिल्वॉकीत जर्मन पूर्वजांचं कुणाला अप्रूप नाही. एके काळी या शहराला 'जर्मन अथेन्स' म्हणायचे. आजींचे खापरपणजोबा सुतार. 1868 साली ब्रेमेनहून जहाजात बसले आणि न्यूयॉर्कला उतरले, एवढं आजींना ठाऊक होतं. गाव मात्र कुठलं? 1870 च्या जनगणनेत जन्मस्थळ एका शब्दात उरकलंय: प्रशिया, म्हणजे तेव्हाचं भलंमोठं जर्मन राज्य. आपल्याकडे कुणाच्या गावापुढे 'मुंबई इलाखा' लिहून ठेवावं, तसंच हे. मग कराचीपासून धारवाडपर्यंत शोधा!

ऐकताना मला राहवलं नाही. म्हटलं, तुमचं आडनावसुद्धा एलिस आयलंडवरच्या, न्यूयॉर्कच्या त्या स्थलांतरितांच्या नाक्यावरच्या, कारकुनाने बदललं असेल ना? आजी शाळेत शिकवायच्या, त्यामुळे चूक सोडत नाहीत. एलिस आयलंड उघडलं 1892 मध्ये. त्याआधी माणसं कॅसल गार्डनला उतरायची. आणि कारकून नावं बदलत नसत, जहाजावरून आलेल्या यादीशी ताडून बघत. आडनावातलं एक अक्षर घरच्यांनीच पुढे कधीतरी गाळलं. मी गप्प.

पण ब्रेमेनचा राग मला अजून आहे. या बंदराने 1832 पासून जाणाऱ्यांच्या याद्या ठेवल्या, आणि 1870 च्या दशकात जागा पुरेना म्हणून जुन्या याद्या नष्ट केल्या! रद्दीचा कागदही जपणाऱ्या जर्मनांनी! सुतारबुवा हॅम्बुर्गहून निघाले असते तर? तिथल्या 1850 ते 1934 च्या याद्या बहुतेक शाबूत आहेत, आणि त्यांत आधी राहत होते ते गावही असतं. आजींना याचं काही वाटत नाही. चरफडतो मी, आणि माझं तर तिथे कुणीच नव्हतं.

गाव शेवटी सापडलं ते इथल्याच ल्युथरन चर्चच्या दफनाच्या वहीत. पाद्र्याने जन्मगाव लिहून ठेवलं होतं, पण कुरेंट लिपीत. ही जुनी जर्मन लिखावट आजच्या जर्मनांनाही सहज वाचता येत नाही. तिच्यातला ई अगदी एनसारखा दिसतो, आणि यू ओळखायचा तो डोक्यावरच्या खुणेवरून. आजी सत्तरीत ही लिपी शिकल्या. गाव निघालं प्रशियाच्या पोमेरेनिया प्रांताच्या पूर्व भागातलं. म्हणजे आज पोलंडमध्ये, नावही पोलिश. 1945 नंतर तिथल्या जर्मनांना बाहेर काढलं, त्यामुळे तिथे जाऊन विचारणार कुणाला?

इथे माझ्यातला मराठी माणूस जागा झाला. आमच्याकडे असा शोध घ्यावा लागतच नाही, मी म्हटलं. त्र्यंबकेश्वरला आमच्या उपाध्यायांकडे वही आहे, गाव आणि आडनाव सांगा, पिढ्या बाहेर येतात. हे खोटं नाही. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची तर इथल्या यूटा राज्यातल्या वंशावळी जमवणाऱ्या मंडळींनी मायक्रोफिल्मही करून नेली आहे. आजींचे डोळे चमकले. तुमच्या खापरपणजीचं नाव काय? मला खापरपणजोबांचंही येत नव्हतं. सांगितलं, वही बघावी लागेल.

रात्री बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "अरे, जुनी पानं मोडीत आहेत. मला वाचता येत नाही, तुला काय येणार?" आणि लगेच, "तिकडे थंडी किती?"

नोकरी, मुलांची सॉकरची प्रॅक्टिस, बर्फ उपसणं, यातून मोडी कधी शिकायची? आजींना काय, पेन्शन आहे.

परवा त्यांनी कोरा कागद पुढे केला. तुमच्या त्या जुन्या लिपीत तुमचं नाव कसं लिहितात, दाखवा. मी आधी सरळ रेघ ओढली, मोडीत तशी ओढतात एवढं माहीत होतं. पुढे ठसक्यात बाळबोधच लिहून दिलं. आजींनी चष्मा लावून ते निरखलं, सुरेख आहे म्हणाल्या आणि फ्रिजवर चिकटवलं. अजून तिथेच आहे.