कोची ते मुंबई: क्रूझवरचा शेवटचा, बंदर नसलेला दिवस

परवा सकाळी ठाण्यात तलावपाळीच्या फेरीत एका मैत्रिणीने विचारलं, "कोचीलाच उतरून विमानाने का नाही आलात? पुढे दीड दिवस नुसतं पाणीच ना?" तिचं पुढच्या हिवाळ्यात याच सहलीचं चाललंय आणि दोन दिवस वाचवायचा मोह तिला होतोय. उभ्या उभ्या जे सांगितलं ते मलाच अपुरं वाटलं, म्हणून घरी येऊन लिहायला बसले. आमच्या तेरा रात्रींच्या क्रूझमधली कुठली गोष्ट पुन्हा करायला मिळावी असं कुणी विचारलं, तर मी कोची ते मुंबईचा तोच दिवस मागेन.

आधी मार्ग सांगते. फेब्रुवारीत मुंबईहून विमानाने सिंगापूर, आणि तिथून जहाजाने पोर्ट क्लँग, पेनांग, लंकावी, फुकेत, मग तीन दिवस अख्खा बंगालचा उपसागर, कोलंबो, कोची आणि मुंबई. हे आणि मी, दोघंही साठीच्या पुढचे. बंदरांबद्दल भरपूर लिहिलेलं सापडतं, त्यामुळे मी त्यात शिरत नाही. दोनच गोष्टी सांगते. फुकेतला आमचं जहाज धक्क्याला लागलं नाही, छोट्या बोटीतून किनाऱ्यावर जावं लागलं. गुडघे दुखणाऱ्यांनी तिथे सगळ्यात शेवटी उतरावं, गर्दी कमी असते आणि हात धरायला माणसं मोकळी असतात. दुसरं म्हणजे दिशा. सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. पश्चिमेला येताना ते टप्प्याटप्प्याने मागे जातं, म्हणजे मधल्या काही रात्री झोप जास्त मिळते. कोलंबोला आपलीच वेळ लागते. मुंबईत उतरलो तेव्हा शरीराला काही जाणवलंच नाही. निवड करता येत असेल तर जाताना विमान आणि येताना जहाज असंच घ्या.

कोचीहून संध्याकाळी सातला निघालो. मुंबई तिथून साधारण ५८० सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. जहाज ताशी १७ सागरी मैलांनी चाललं होतं, म्हणजे जवळजवळ ३१ किलोमीटर. घोडबंदर रोडवर संध्याकाळी याहून हळू जातो आपण. मधे पूर्ण एक दिवस समुद्रात आणि परवा पहाटे मुंबई, असा हिशोब होता.

त्या दिवशी बहुतेक लोक सकाळपासून बॅगा भरत बसतात, दुपारी दुकानांच्या सेलला जातात आणि संध्याकाळी बिलाच्या रांगेत उभे राहतात. दिवस संपतो आणि समुद्राकडे पाहायचं राहूनच जातं. आमचंही तसंच झालं असतं. पण आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा अलिबागकडचा निघाला. पहिल्याच आठवड्यात आमचं मराठी ऐकून "काकू, भात अजून आणू का?" म्हणाला आणि तिथून ओळख वाढली. त्याने कोचीच्या आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं: "काकू, बॅगा कोचीला असतानाच भरून टाका. शेवटचा दिवस मोकळा ठेवा." आम्ही कोचीला दुपारी लवकर परतलो आणि मोठ्या बॅगा भरून टाकल्या. तुम्हीही तेच करा. बाहेर फक्त दोन दिवसांचे कपडे.

बिलाचं काम मी सकाळी साडेसातला उरकलं. जहाजावर रोख चालत नाही, सगळं केबिनच्या कार्डावर चढतं. रोजची टिपही माणशी आपोआप लागते. कोलंबोची एक सहल पावसामुळे रद्द झाली होती, पण तिचे पैसे आमच्या खात्यावर तसेच दिसत होते. काउंटरवर तेव्हा दोनच माणसं होती. पावती दाखवली, दहा मिनिटांत रक्कम वळती झाली. संध्याकाळी त्याच काउंटरची रांग लिफ्टपर्यंत गेलेली पाहिली. तेव्हा सगळ्या पावत्या एका पाकिटात ठेवा आणि हे काम नाश्त्याच्या आधी करा. पासपोर्ट जहाजाकडे जमा असेल तर तो कधी परत मिळणार हेही तिथेच विचारून घ्या.

मग दिवस आमचा होता. आमच्या जहाजाच्या सहाव्या मजल्यावर चहूबाजूंनी फिरता येईल असा डेक होता. तिथे सावलीच्या बाजूला खुर्च्या टाकून बसलो. वारा सतत असतो, त्यामुळे फेब्रुवारीच्या उन्हातही अंगावर पातळ जॅकेट आणि कानाला रुमाल लागतो. पाणी काचेसारखं शांत होतं. नोव्हेंबर ते मार्च आपला समुद्र बहुतेक वेळा असाच असतो, पावसाळ्यात इकडे फिरकायचं नाही. तरी बोट लागण्याची भीती असेल तर मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन घ्या. उंच मजला आणि पुढचं टोक सगळ्यात जास्त हलतं. आलेपाक जवळ ठेवा, आणि गोळी घ्यायची तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारून. बंगालच्या उपसागरात दुसऱ्या दिवशी ह्यांना बोट लागली होती. आलेपाक, कोरडा टोस्ट आणि क्षितिजाकडे नजर, एवढ्यावर दुपारपर्यंत बरं वाटलं.

अकराच्या सुमारास उडते मासे दिसले. जहाजाच्या धक्क्याने पाणी फुटतं तिथून दहा-बारा एकदम बाहेर येतात, पाण्याला समांतर तरंगत जातात आणि टपटप आत शिरतात. आधी मला पक्षी वाटले. दुपारी गोव्याच्या आसपास डॉल्फिन आले, पण लांब होते, दुर्बीण असती तर बरं झालं असतं. छोटी का होईना, दुर्बीण नक्की न्या.

मोबाइलचं आत्ताच सांगते. जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की फोन जहाजाचंच नेटवर्क पकडू शकतो आणि त्याचे दर फार महाग असतात. एअरप्लेन मोड चालू करा आणि तसाच राहू द्या. घरच्यांना कोचीतूनच सांगून ठेवा की आता परवा सकाळी फोन करू.

केबिनच्या टीव्हीवर एक चॅनेल नुसता नकाशाचा असतो. त्यावर जहाजाची जागा, वेग, अक्षांश, रेखांश दिसत राहतात. जेवणानंतर मी तो लावला आणि मग दर अर्ध्या तासाने बघत राहिले, कारण माझं माहेर मालवणचं. तिथला अक्षांश १६ अंश ३ मिनिटं. संध्याकाळी आकडा १५ अंश ५० च्या पुढे गेला तेव्हा मी ह्यांना म्हटलं, "अहो, चला वर."

डाव्या बाजूला सूर्य मावळत होता. उत्तरेकडे येताना पश्चिम डावीकडे, त्यामुळे सूर्यास्त बघणाऱ्यांनी सगळ्या खुर्च्या तिकडे ओढल्या होत्या. मी एकटी उजव्या कठड्याला गेले. तिकडे काहीच दिसत नव्हतं. तीस मीटर उंचीवरून क्षितिज जेमतेम वीस किलोमीटरवर असतं आणि आम्ही त्याहून बरेच बाहेर होतो. थोड्या वेळाने मासेमारीच्या बोटींचे दिवे लागले, एक, मग चार, मग मोजता येईनात. लहानपणी मालवणच्या धक्क्यावर मी आजीचा हात धरून उभी राहायची. सिंधुदुर्गाच्या मागे लांबवर एखाद्या मोठ्या जहाजाचा दिवा सरकताना दिसायचा आणि मी विचारायची, "आजी, ती बोट खंय चल्ली?" आजी मुंबईला बोटीनेच जायची, पडावातून बोटीवर चढायची, दोन दिवस काही खायची नाही. ती म्हणायची, "जाय ना का खंय, आपल्या हंय थांबणा नाय." आता मी त्या दिव्याच्या बाजूला उभी होते. कठडा खारट दवाने ओला झाला होता आणि माझा हात त्यावरून निघत नव्हता. हे येऊन शेजारी उभे राहिले, काही बोलले नाहीत. आकाश पूर्ण काळं होईपर्यंत आम्ही तिथेच होतो.

रात्रीचं मात्र सांभाळा. मोठ्या बॅगांना रंगीत टॅग लावून त्या अकरापूर्वी केबिनबाहेर ठेवायच्या असतात. त्या रात्रीच खाली जातात आणि दुसऱ्या दिवशी टर्मिनलवरच मिळतात. आम्ही ठेवल्या आणि साडेअकराला लक्षात आलं की ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा आतच गेलाय. मी घाबरले. नशिबाने मी टॅगचा फोटो काढला होता. नंबर सांगितल्यावर चाळीस मिनिटांत दोन मुलं बॅग शोधून वर घेऊन आली. त्यांनी घामाघूम होऊन ती केबिनपर्यंत आणून दिली, हे विसरता येणार नाही. गोळ्या, चष्मा, पासपोर्ट, चार्जर, सकाळचे कपडे आणि चपला हातातल्या पिशवीत ठेवा, आणि बॅग बाहेर ठेवण्यापूर्वी ती पिशवी एकमेकांना दाखवा. जहाजावर घेतलेली दारू बहुतेक शेवटच्या संध्याकाळीच हातात देतात. कस्टम्सची माणशी दोन लिटरची मर्यादा तेव्हा लक्षात असू द्या.

अलिबागच्या मुलाने पहाटे साडेपाचला उजव्या बाजूला यायला सांगितलं होतं. आमची केबिन उजवीकडचीच, बाल्कनीतूनच दिसलं: अंधारात ठरावीक वेळाने फिरणारा खांदेरीचा दिवा. १६७९ साली महाराजांनी इंग्रजांच्या नाकासमोर या बेटावर किल्ला बांधायला घेतला, हे शाळेत वाचलेलं. मुंबई तिथून किती जवळ आहे, हे समुद्राकडून येताना कळलं. त्याच्या पलीकडे, रेवसच्या वाटेवर, १७ जुलै १९४७ ला रामदास बोट बुडाली. आमच्या घरी त्या दिवसाची आठवण काढतात. मी तिकडे बघून हात जोडले. मग जहाजाला बंदरात नेणारा पायलट चढला, वेग कमी झाला आणि उजाडताना कुलाब्याच्या इमारती दिसायला लागल्या.

बॅलार्ड पिअरला उतरून ठाण्याला यायचं तर हातात दोन बॅगा असताना टॅक्सीच बरी: फ्रीवे, चेंबूर, मग पूर्व द्रुतगती मार्ग. सकाळी उलट्या दिशेला गर्दी कमी असते, आम्ही सव्वा तासात नौपाड्यात होतो. सामान कमी असेल तर सीएसएमटी अगदी जवळ आहे, आणि त्या वेळी ठाण्याकडे जाणाऱ्या गाड्यांत बसायला जागा मिळते. उतरल्याच्या दिवशी दुसरं कुठलंही काम ठेवू नका. जमिनीवरही पायाखाली हलल्यासारखं होतं, ओट्याशी उभं राहिलं की जास्त. माझं ते तिसऱ्या दिवशी थांबलं. तोवर जिना चढताना कठडा धरा आणि स्कूटर बाहेर काढू नका.