मळ्या

परवा दुपारी एका मॉलमध्ये काही माणसे काचेच्या टाकीत पाय सोडून बसलेली दिसली. पायांभोवती बोटाएवढे मासे दाटले होते आणि माणसे गुदगुल्यांनी खिदळत होती. हे मासे मूळचे पश्चिम आशियातले. तुर्कस्तानातील कांगालच्या झऱ्यांचे पाणी सुमारे ३५ अंशांवर असते आणि त्यात खाद्य बेताचेच, म्हणून तिथे ते आंघोळीला उतरलेल्यांची मेलेली कातडी कुरतडतात आणि त्वचारोगी मुद्दाम त्यासाठी तिथे जातात. आपल्या सह्याद्रीतला मळ्या याच कुळीचा. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा शास्त्रीय नावातही त्यांनी ‘मळ्या’च ठेवला.

मुळशीकडच्या आजोळी रानातून उतरणाऱ्या ओढ्यात आम्ही पोरे पाय सोडून बसत असू. पाय जरा हलला की मळ्ये पसार होत. दगडासारखे निश्चल बसले तरच ते टाचेशी येत. या कामात माझा हात धरणारे कोणी नव्हते, आणि बहुधा तेव्हापासूनच शेजारी बसून पाय हलवणाऱ्या माणसांचा मला अतोनात राग येतो, मग ते कीर्तन असो की बँकेतला बाक.

मामा एखादा मळ्या ओंजळीत धरून उलटा करून दाखवी. तोंड पार खालच्या अंगाला आणि त्याच्या मागे शर्टाच्या बटणाएवढी मांसल, वाटोळी चकती. ओल्या तळहातावर ठेवला की तो त्या चकतीने अलगद चिकटे आणि सोडवताना किंचित ओढ जाणवे. ओढ्यातल्या दगडांवरचे शेवाळ तो खरवडून खाई, त्यामुळे हिरवट-तपकिरी थरावर जागोजागी फिकट ओरखडे उमटलेले असत. आषाढात लोंढा आला की काठची झुडपे उन्मळून जात, पण मळ्या आपला दगड सोडत नसे.

अलीकडे त्या भागात मासे धरण्यासाठी डोहात ब्लीचिंग पावडर टाकण्याची खोड काहींना लागली आहे, आणि तिच्यापुढे ती चकती काहीच कामाची नाही. टाकणारे मोठे मासे तेवढे वेचून नेतात. मळ्याला कोणी हातही लावत नाही, तो तिथेच कुजतो. पाटीभर माशांसाठी अख्खा डोह मारला जातो, आणि कोणी मारला हे गावात सगळ्यांना ठाऊक असूनही त्याला जाब विचारायला कोणी जात नाही.