तुम्ही विचारलंत म्हणून: पोरींना कार्टून कशाला?

"मॅडम, पोरीयले कार्टून काहून दाखवता? अभ्यास नाही काय?" पालकसभेत हा प्रश्न ठरलेला. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच आहे. शनिवारी शाळा सुटण्याआधी अर्धा तास मी मोठ्या मुलींना घेऊन टीव्हीसमोर बसते, त्याबद्दलचा हा प्रश्न. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

सुरुवात १९९८ च्या 'पॉवरपफ गर्ल्स'ने केली. बालवाडीतल्या तिघी, फोन वाजला की वर्गातून उठतात आणि शहर वाचवून येतात. मुली खूप हसल्या. मग 'टोटली स्पाइज' लावलं. हायस्कूलच्या तीन मुली हेर आहेत, पण हत्यारं बघा तर लिपस्टिक आणि हेअर ड्रायर! शिवाय मूठभर कमरा. सातवीतली एक मुलगी पोट आत ओढून बसलेली दिसली आणि मी ते बंद केलं. मुलगी शूर दाखवायची तर आधी ती बारीकच दाखवायला हवी, हे मला मुळीच पटत नाही.

'मिरॅक्युलस' मात्र आम्हाला धरून ठेवतं. पॅरिसची मॅरिनेट, आईवडिलांची बेकरी, वर माळ्यावर हिची खोली. कानातल्यांच्या जोरावर ती लेडीबग होते. संकटात तिच्या हाती जादूने पडतं काय, तर कधी अंग पुसायचा टॉवेल, कधी पाना. त्याचं काय करायचं हे तिनेच डोकं चालवून शोधायचं. आमच्या मुलींना हे सांगावं लागत नाही. कापूस वेचायला जाताना जुन्या लुगड्याची ओटी बांधणाऱ्या आया त्यांनी पाहिल्या आहेत. एवढी हुशार मुलगी, तिला आवडणारा वर्गातला एड्रियन समोर आला की त-त-प-प करते, त्याचा मात्र मला राग येतो.

पण तो भाग संपल्यावर एकीने विचारलं, "मॅडम, तिची माय तिले इचारत नाही काय, कुठी गेलती म्हणून?"

लेडीबगच्या छपरांवरून उड्या मारण्याबद्दल कोणीच काही विचारलं नव्हतं. स्वतःची खोली, छतावर उघडणारी खिडकी, दिवेलागणीनंतर एकटीने बाहेर पडणं, नवल त्याचं होतं. कारण सातवीनंतरची शाळा तालुक्याला. मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची, शाळेच्या मुलींसाठीची निळी बस आहे. तरी बस चुकली की घरी पहिला प्रश्न "कुठी होतीस?" हाच, आणि दोनदा चुकली की शाळाच बंद. अशा दोघी मी गमावल्या आहेत.

म्हणून दाखवते. त्यावर बोलता येतं, जे नुसतं विचारून मुली बोलत नाहीत.

परवा मधल्या सुट्टीत त्या लेडीबग खेळत होत्या. जिच्यावर राज्य होतं तिने आधी मैत्रिणीला बाजूला घेतलं, "माय आली त सांगजो, मी तुह्या घरी अभ्यास करून राह्यली." मग ती धावली.