टबांचा हिशेब

मी खाणीत सर्व्हेअर आहे. वर्धा खोऱ्यातल्या आमच्या भूमिगत खाणीला लागून एका कुटुंबाची जुनी खाण आहे. खाली उतरणारा एकच तिरपा बोगदा (इनक्लाइन), कोळशाचे टब, म्हणजे छोट्या वाघिणी, दोराने ओढणारं एक हॉलेज, आजोबा मालक आणि मुलं वजनकाट्यावर. 1973 च्या राष्ट्रीयीकरणात ती सरकारकडे गेली, पुढे बंद पडली आणि पाण्याने भरली. अशा पाण्याच्या 60 मीटरच्या आत काम न्यायचं तर परवानगी लागते, पुढे बोअर मारत जावं लागतं. जुन्या नकाशावरून आम्ही पुष्कळ लांब होतो.

त्या घरातला नातू आपणहून मूळ कागद घेऊन आला. ट्रेसिंग कापडावरचा नकाशा, मापं फुटांत, उत्तर दिशा होकायंत्राची, म्हणजे चुंबकीय. तो आमच्या नकाशावर बसवायला मला दोन दिवस लागले. दिशेत एक अंश चुकला तर 500 मीटरवर जवळजवळ 9 मीटरचा फरक पडतो. काम चोख बसलं.

सोबत मजुरीच्या वह्या होत्या. कोळसा भरणाऱ्या लोडरचं नाव, त्याने भरलेले टब, अंगठा. शेवटच्या काही महिन्यांची बेरीज मारली आणि थबकलो. 12 फूट रुंद, 8 फूट उंच गॅलरी, म्हणजे कोळशातला बोगदा, मीटरभर पुढे गेली की बारा-साडेबारा टन कोळसा निघतो. वहीतला कोळसा नकाशावरच्या पोकळीत मावेना. सुमारे 90 मीटर गॅलरी कागदावर नव्हतीच.

मॅनेजर म्हणाले, "नकाशात नाही ना? मग फेस कशाला थांबवता?" फेस म्हणजे कोळसा काढायची पुढची जागा. 27 डिसेंबर 1975 ला धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीत जुन्या कामाचं पाणी फुटून 375 माणसं गेली, हे त्यांनाही पाठ आहे. पण त्यांच्या डोळ्यांपुढे महिन्याचं टार्गेट असतं. मी लेखी दिलं, तेव्हा बोअरिंग सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी उजव्या बाजूच्या बोअरमध्ये रॉड एकदम हलका झाला, म्हणजे पुढे पोकळी होती. मग पाणी आलं, काळं, सडक्या अंड्यांच्या वासाचं. ड्रिलरने हाताशी ठेवलेली लाकडी खुंटी घणाने ठोकून बसवली. सगळे बाहेर काढले.

ती गॅलरी मुद्दाम लपवली होती, की खाण हातची जाणार म्हणून नकाशा भरायचाच राहिला? नातू म्हणतो, "साहेब, आजोबांनी कोणाच्या एका टबाची मजुरीही कधी बुडवली नाही." वह्या पाहता ते खरंच वाटतं. पण माझी माणसं त्याच नकाशाच्या भरवशावर तिकडे चालली होती.

गॅलरी मी आमच्या नकाशावर तुटक रेषेने काढली. आत जाऊन मोजलेली नाही, म्हणून सलग काढता आली नाही.