कप्पा

माझा कप्पा ०.८३ आला त्या दिवशी मी स्वतःला बाहेरचा चहा पाजला. बॉस्टनमध्ये बरा चहा मिळत नाही, तरीही.

कप्पा म्हणजे कोहेनचा काप्पा. एकच मुलाखत मी आणि माझी सहकारीण अशा दोघींनी वेगवेगळं बसून वाचायची, उताऱ्याउताऱ्याला कोड, म्हणजे आशयाची लेबलं, द्यायचे आणि मग दोघींचं किती जुळलं ते मोजायचं, योगायोगाने जुळेल तेवढं वजा करून. १ म्हणजे पूर्ण एकमत. ०.८च्या वर गेलं की प्राध्यापक खूश. मी त्याला कप्पाच म्हणते, कारण काम तेच आहे, माणसांची वाक्यं कप्प्यांत टाकायची. घरी सगळ्यांना अजून वाटतं की मी अमेरिकेत जाऊन बायकांशी गप्पा मारते.

विषय होता चार्टर शाळा. पैसा सरकारचा, फी नाही, पण कारभार स्वतंत्र मंडळाकडे, राज्याने दिलेल्या सनदेवर. पहिला कायदा १९९१ साली मिनेसोटाने केला, मॅसॅच्युसेट्सचा १९९३चा. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत काढावीच लागते. आमचा विद्यार्थी-प्रकल्प इवलासा होता. चौदा पालक, बहुतेक आयाच, प्रत्येकीशी पाऊण तास. पालक शाळा कशी निवडतात, एवढंच शोधायचं होतं.

कोडबुकवर मात्र आम्ही जीव ओतला होता. प्रत्येक कोडची व्याख्या, कधी लावायचा, कधी लावायचा नाही, एक नमुना. नुसती 'शिस्त' आणि 'सुरक्षितता' वेगळी करायला तीन आठवडे गेले. एक आई म्हणते, तिथे शर्ट खोचलेलाच लागतो, ही शिस्त. दुसरी म्हणते, शर्ट खोचलेला असला की बसमध्ये कोणी त्याच्या वाटेला जात नाही. शर्ट तोच, पण ही सुरक्षितता. हा फरक पकडल्याचा मला आजही अभिमान आहे, आणि म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

अहवालात घालायच्या उताऱ्यांतली नावं झाकायची होती. नवव्या मुलाखतीत मुलाचं नाव नक्की कुठे येतं ते कळेना, म्हणून मूळ रेकॉर्डिंग लावलं. आमच्या हातातली संहिता सॉफ्टवेअरने उतरवलेली. फुकटात मिळतं म्हणून सगळे तेच वापरतात आणि नंतर कोणी ऐकत नाही. आम्हीही नव्हतं ऐकलं. संहितेत माझा प्रश्न होता, ही शाळा का निवडलीत? उत्तर होतं, 'यांचा फोन आला. ऑगस्टमध्ये.' दोघींनी एकमेकींना न विचारता त्याला एकच कोड दिला होता: निवड, उपकोड शाळेचा तत्पर प्रतिसाद. शंभर टक्के एकमत.

रेकॉर्डिंगमध्ये प्रश्नानंतर ती हसते. चार सेकंद. मग 'निवडली?' असं माझाच शब्द मला परत करते. मग पुटपुटते की पाच ठिकाणी नाव टाकलं होतं, मार्चच्या सोडतीत कुठेच निघालं नाही. आणि तिच्या बोलण्यावर एक आवाज 'हो, हो, बरोबर' करतो आहे. तो माझा. दोन आवाज एकमेकांवर चढले म्हणून सॉफ्टवेअरने ते वाक्यच गाळलं. मी तर समोर बसले होते, मी कशामुळे गाळलं?

एक मुलगा आणि पाच प्रतीक्षायाद्या. या राज्यात २०१६ साली चार्टर शाळांच्या संख्येवरची मर्यादा वाढवण्यावर मतदान झालं, तेव्हा प्रचारात प्रतीक्षायादीतल्या हजारो मुलांचा आकडा सतत फिरत होता. त्या याद्यांच्या विश्वासार्हतेवर राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०१४मध्येच बोट ठेवलं होतं. मतदारांनी प्रस्ताव फेटाळला, साधारण ६२ टक्क्यांनी. हे सगळं आमच्या प्रस्तावनेत संदर्भांसह होतं. मीच लिहिलं होतं.

अर्थतज्ज्ञांचं बरं असतं. एमआयटीच्या जोशुआ अँग्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी सोडतीत नाव निघालेली आणि न निघालेली मुलं ताडून बॉस्टनच्या चार्टर शाळांचा परिणाम मोजला. त्यांच्या लेखी नशीब हेच मोजमापाचं साधन. आम्ही ते पहिल्याच प्रश्नात पुसून टाकलं होतं.

नाशिकची वहिनी आठवली. पुतण्यासाठी तिने आरटीईच्या पंचवीस टक्क्यांत अर्ज भरला होता. दहा शाळा टाकता येतात, तिने दहाच्या दहा टाकल्या. नंतर तिचा मेसेज आला, 'लागला नंबर!' शाळा निवडली असं ती म्हणाली नाही. मराठीत पहिला नंबर येतो, प्रवेशाचा नंबर लागतो. येणारा आपला, लागणारा दुसऱ्या कोणाच्या हातात. हे मला लहानपणापासून माहीत होतं आणि इंग्रजीत काम करताना अजिबात सुचलं नाही.

दोन रात्रींत चौदाही रेकॉर्डिंग ऐकली. मी विचारण्याआधी 'निवड' हा शब्द स्वतःहून काढणाऱ्या तिघीच. बाकीच्या म्हणतात आत घेतलं, जागा मिळाली. स्पॅनिश बोलणाऱ्या दोघी म्हणतात, 'सालिओ'. निघाला.

सहकारीण म्हणाली, आपलं जुळलं होतं ना, मग? प्राध्यापकबाई म्हणाल्या, काप्पा ०.८३ असताना कोडबुक कोण उघडतं? बाई वाईट नाहीत, त्यांना सत्र संपवायचं असतं. अखेर एक नवा कोड आणि 'मर्यादा' या भागात एक परिच्छेद, एवढ्यावर तडजोड झाली. तो परिच्छेद म्हणजे आपल्याकडची अडगळीची खोली. कोडला मी फाइलमध्ये 'नंबर लागला' असं देवनागरीत नाव दिलं, सहकारीण त्याला स्क्विगल म्हणते, वेडीवाकडी रेघ. पुन्हा मोजलं तर ०.६४.

ज्यांचा नंबर लागलाच नाही त्या आया आमच्याकडे नाहीतच. पालकांची यादी शाळांनी दिली होती. त्यांना शोधायचं तर नैतिकता समितीची नवी परवानगी, म्हणजे आणखी एक सत्र.

नववी मुलाखत मी हाताने पुन्हा उतरवली. कंसात लिहिलं, हसते, ४ सेकंद. त्या हसण्याला कोड कुठला द्यायचा यावर आमचं अजून जुळलेलं नाही. सहकारीण म्हणते उपरोध. माझं उत्तर दर वेळी ऐकल्यावर बदलतं.