खालचा कोपरा

परवा दुपारी आईची जुनी ट्रंक उपसायला घेतली. तळाशी अंथरलेला कागद झटकायला उचलला, तर पलीकडून लक्ष्मी निघाली. कसरीनं तिचा एक हात खाल्लेला, कमळ अर्धं गेलेलं; खालचा कोपरा मात्र शाबूत. रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. झालं, ट्रंक राहिली बाजूला.

चित्र दिसलं की माझी नजर आधी तळाला जाते. लहानपणी आजी देवघरातून ओरडायची, "अगं, देवीचं तोंड बघ, पायाशी काय वाचत बसलीयेस?" पायाशी छापखाना असायचा, काय करणार!

या छापखान्याची यंत्रं जर्मनीची. पुढे मालकही जर्मनच झाला, फ्रिट्झ श्लायखर. त्याच्या देशात तर हे कोपऱ्याचं वेड पार पुढे गेलेलं. बर्लिनजवळच्या नॉयरुप्पिन गावात गुस्टाव क्यून रंगीत चित्रांचे सुटे कागद छापायचा नि तळाशी घालायचा: 'नॉयरुप्पिन, गुस्टाव क्यूनकडे मिळेल'. काळ्या रेघा छापून झाल्या की बायकामुलं कापलेले साचे ठेवून रंग फासत. एक रंग झाला की दुसरा साचा. घाईत राजकन्येच्या झग्याचा लाल शेजारच्या घोड्यावर जायचा. मला तो घोडा फार आवडतो.

तिकडे गोष्टींची पुस्तकंही होती, पण ग्रिम बंधूंचं 1812चं लोककथांचं पुस्तक बिनचित्रांचं, वर विद्वान टिपा. कुठलं पोर वाचणार? 1825 साली निवडक पन्नास गोष्टींची छोटी आवृत्ती निघाली, तिला त्यांच्या धाकट्या भावानं, लुडविग एमिलनं, सात चित्रं काढून दिली आणि पुस्तक घराघरांत शिरलं. पण पुस्तक घ्यायचं तर वाचता यायला हवं, पैसेही जास्त. सुटा कागद कुणीही घ्यावा. म्युनिकला 1848पासून असे कागद निघू लागले. मोरित्झ फॉन श्विंड या चित्रकारानं तर बूट घातलेल्या बोक्याची अख्खी गोष्ट एका कागदात बसवली. तोच बोका पुन्हा पुन्हा, इकडे वाड्याशी, तिकडे झाडीत. बोट फिरवत जायचं, गोष्ट आपोआप पुढे. अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा नातवाला ती सांगू शकेल, नि मधेच चुकली तर नातू बोक्यावर बोट ठेवेल.

असले कागद लोक भिंतीला डकवत, पेटीच्या झाकणाला आतून चिकटवत. पेटी उघडली की गोष्ट. आमच्याकडे मात्र लक्ष्मी तळाशी, तीही पालथी.

या वेळी सुलटी अंथरली. वर साड्या आल्याच.