व्हॅक्युम पंप, गेज आणि ‘ही वस्तू परत घेतली जात नाही’

लिंगासाठीचा हातानं चालवायचा व्हॅक्युम पंप (लिंगावर नळी ठेवून हवा ओढायची, म्हणजे रक्त भरतं) विकणारे नको नको ते सांगतात. आकार वाढेल, जोम येईल, महिन्यात फरक दिसेल. विचारायच्या दोनच गोष्टी असतात: हा पंप जास्तीत जास्त किती व्हॅक्युम ओढतो, आणि तो व्हॅक्युम एका क्षणात सोडता येतो का? या दोन प्रश्नांना सरळ उत्तर देणारा विक्रेता मला अगदी शेवटी भेटला, तोही तक्रार वरपर्यंत नेल्यावर. या सगळ्या प्रकाराचा राग अजून आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी प्रोस्टेटच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. ती व्यवस्थित पार पडली, त्यावर जास्त लिहीत नाही. शस्त्रक्रियेनंतर ताठरता गेली. डॉक्टरांनी आधीच कल्पना दिली होती की नसा वाचवल्या तरी त्यांना जागं व्हायला दीड-दोन वर्षं लागू शकतात. तेवढ्या काळात तिथं रक्त भरलं नाही तर आतला भाग आकसतो, कडक होतो. म्हणून त्यांनी चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली व्हॅक्युम पंप लिहून दिला. रोज दहा मिनिटं, रिंग (ताठरता टिकावी म्हणून मुळाशी चढवायचं घट्ट कडं) न लावता, थोडं ओढायचं, थांबायचं, सोडायचं, पुन्हा ओढायचं. एक गोष्ट त्यांनी स्पष्ट सांगितली: यानं नसा लवकर बऱ्या होतील अशी खात्री नाही, पण आकसणं कमी होतं आणि संबंधासाठी त्याचा उपयोग लगेच होतो. कायमची लांबी वगैरे काही वाढत नाही. जाहिरातीत तसं लिहिलेलं दिसलं की पान तिथंच मिटावं.

मी साखर कारखान्यात पॅन सेक्शनला आयुष्य काढलं. उसाचा रस पॅनमध्ये शिजतो तो व्हॅक्युमखाली, पाऱ्याच्या पंचवीस-सव्वीस इंचांवर, म्हणजे कमी तापमानाला उकळतो आणि साखर करपत नाही. व्हॅक्युम मोजणाऱ्या गेजच्या सुईकडे बघत पाळ्या केल्यात. त्यामुळं गेज नसलेला पंप घ्यायचा नाही, हे माझं पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं, आणि ते बरोबरच होतं. स्वस्तातले पंप बहुतेक रबरी फुग्याचे असतात, बीपी मोजायच्या यंत्राला असतो तसल्या. ते ओढतात, पण किती ओढलं हे कळायला मार्ग नाही. दुखायला लागेपर्यंत दाबत राहायचं, एवढंच. शस्त्रक्रियेनंतर तिथली जाणीव आधीच कमी झालेली असते, तेव्हा दुखण्यावर भरवसा कसा ठेवणार?

आधी मी मुंबईला प्रिन्सेस स्ट्रीटला सर्जिकलच्या दुकानांत फिरलो. एका दुकानदारानं, “काका, आत या,” म्हणून मागच्या खोलीत नेऊन बाहेरून आलेला संच दाखवला. नळी, पंप, रिंगा, रिंग चढवायचं नरसाळं, सगळं एका पेटीत, आणि मर्यादेपलीकडं व्हॅक्युम गेला की आपोआप हवा आत घेणारा व्हॉल्व्ह. वस्तू उत्तम होती. किंमत बारा हजारांच्या वर. दवाखान्याची बिलं नुकतीच भरलेली, तेवढे काढणं शक्य नव्हतं. पण तो संच हातात घेऊन पाहिला याचा फार उपयोग झाला. चांगल्या पंपात काय असतं ते कळलं. तुमचं बजेट कमी असलं तरी एकदा महागाचा पंप बघून या.

अमेरिकेत ही गोष्ट रुळली त्याला मोठा इतिहास आहे. जॉर्जिया राज्यातल्या गेडिंग्ज ऑस्बॉन या टायरच्या धंद्यातल्या माणसानं स्वतःच्या अडचणीसाठी असा पंप बनवला आणि १९८२ साली तिथल्या औषध प्रशासनाची परवानगी मिळवली. त्याच प्रशासनाच्या मार्गदर्शनात या उपकरणांसाठी १७ इंच पाऱ्याची कमाल मर्यादा आहे, म्हणजे साधारण ४३२ मिलिमीटर. शिवाय व्हॅक्युम हातानं झटकन सोडता आला पाहिजे. ही मर्यादा म्हणजे तिथपर्यंत जायचंच असं नाही. माझं काम दीडशे मिलिमीटरच्या आसपास होतं. दोनशेच्या वर मी जात नाही.

इथं गेजची एक भानगड लक्षात ठेवा. काही गेजवर इंच असतात, काहींवर मिलिमीटर, काहींवर सेंटिमीटर. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. सुई ‘१०’ वर आहे म्हणून निर्धास्त राहिलात आणि ते इंच निघाले, तर तुम्ही अडीचशेच्या पुढं आहात. घेण्याआधी गेजचा जवळून काढलेला फोटो मागवा. गॅरेजवाले ब्रेकमधली हवा काढायला जो पिस्तुलासारखा हातपंप वापरतात, त्याच्या मुठीचे पंपही या कामासाठी विकले जातात. मूठ धरायला सोयीची, एका हातानं चालते, संधिवात असलेल्यांना फुग्यापेक्षा बरी. पण गॅरेजचा पंप पंचवीस इंचांपर्यंत सहज जातो आणि त्याला कुठलीही अडवणूक नसते. मूठ बघून भुलू नका, मर्यादा विचारा.

शेवटी ऑनलाइन एक पंप सापडला. पिस्तुली मूठ, मिलिमीटरचं गेज, बोटानं दाबायचा सोडणीचा व्हॉल्व्ह, पारदर्शक नळी. किंमत अडीच हजारांच्या आत. नळीचा व्यासही जमत होता. (दोरीनं घेर मोजा, ३.१४ नं भागा, त्यात अर्धा-पाऊण सेंटिमीटर मिळवा. बारा सेंटिमीटर घेराला साधारण साडेचार सेंटिमीटरची नळी बसते. फार मोठी घेतलीत तर अंडकोशाची कातडी आत ओढली जाते आणि ते फार दुखतं.) मागवला. खोकं साधं, वर काही लिहिलेलं नाही, घरी वेळेवर आलं.

आणि गेज खराब निघालं.

मी कुठलीही वस्तू वापरण्याआधी तपासतो. सपाट स्टीलचं ताट घेतलं, नळीच्या कडेला पाण्यात विरघळणारं जेल लावलं, नळी ताटावर दाबून पंप मारला. नळी धरली गेली, सुई शंभरच्या पुढं गेली आणि तिथंच थांबली. पुढं कितीही मारलं तरी हलेना. सोडलं तर शून्यावर येईना, ऐंशीवर अडकून बसली. हे साधं दुखणं नाही. सुई अडकलेली असताना माणसाला वाटतं शंभरच आहे, आणि आत व्हॅक्युम वाढत असतो. अशा पंपानं त्वचेखाली रक्त साकळायला वेळ लागत नाही. ताटावरची ही तपासणी प्रत्येकानं करावी. दोन मिनिटं लागतात आणि गळती, गेज, व्हॉल्व्ह या तिन्हींची परीक्षा होते.

अॅपवर परत करायला गेलो तर बटणच नाही. ‘स्वच्छतेच्या कारणास्तव ही वस्तू परत घेतली जात नाही.’ वापरलेली परत घेऊ नका, ते पटतं. पण ही वस्तू मुळातच खराब आली होती आणि अंगाला लागलेलीही नव्हती. चॅटवर लिहिलं. आधी यंत्र उत्तरं देत राहिलं, मग कुणीतरी माणूस आला आणि त्यानं विचारलं, “सर, प्रॉब्लेम वापरताना येतो का? वापरतानाचा व्हिडिओ पाठवा.”

मी तो मजकूर पुन्हा पुन्हा वाचला. वापरतानाचा व्हिडिओ! एका अनोळखी खात्याला, कोण बघणार, कुठं साठवणार काही माहीत नाही. कॅन्सरमधून उठलेल्या माणसाला अडीच हजारांच्या वस्तूसाठी हे मागायचं? मी नकार दिला आणि ताटावरच्या चाचणीचा व्हिडिओ पाठवला: सुई, पंप मारणारा हात, सोडल्यावरही ऐंशीवर बसलेली सुई. त्यापेक्षा स्पष्ट पुरावा असूच शकत नव्हता. उत्तर आलं, ‘तुमच्या समस्येचं निराकरण झालं आहे’, आणि तक्रार बंद.

पुन्हा उघडली. पुन्हा तोच व्हिडिओ मागितला. पुन्हा बंद. फोनवर बोलायला मागितलं तर जो मुलगा आला तो ‘त्या प्रॉडक्टबद्दल’ बोलायलाच तयार नाही. शब्द उच्चारायचा नाही, पुढं जायचं नाही, नुसतं “सर, पॉलिसी आहे.” मी गेज म्हणतोय, तो पॉलिसी म्हणतोय. हिनं शेवटी माझ्या हातातून फोन घेतला. ती शांतपणे म्हणाली, “हे बघ बाळा, हे औषधोपचाराचं साधन आहे. माझ्या नवऱ्याला डॉक्टरांनी लिहून दिलंय. मापाचा काटा बिघडलाय. रक्तदाबाच्या यंत्राचा काटा बिघडला असता तर बदलून दिला असता ना? मग हाही दे.” त्या मुलानं पहिल्यांदाच सरळ उत्तर दिलं: त्याच्या हातात काही नाही, वर लिहा. मला तिचा फार अभिमान वाटला. शस्त्रक्रियेपासून हा विषय तिनं एकदाही लाजेचा होऊ दिला नाही.

‘वर’ म्हणजे कुठं, ते आपण शोधायचं. ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम आहेत. त्यानुसार प्रत्येक अशा संकेतस्थळानं तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करायचा असतो, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात ती निकालात काढायची असते. आणि महत्त्वाचं म्हणजे, वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. अॅपवरची ‘पॉलिसी’ या नियमापेक्षा मोठी नाही. हे वाक्य मी ईमेलमध्ये जसंच्या तसं लिहिलं. सोबत बिल, ताटाचा व्हिडिओ, बंद केलेल्या तक्रारींचे स्क्रीनशॉट आणि वापरतानाचा व्हिडिओ मागितल्याचा तो मजकूर जोडला. डॉक्टरांची चिठ्ठी मात्र जोडली नाही. सदोष वस्तू बदलून घ्यायला आजाराचा पुरावा लागत नाही, तुम्हीही देऊ नका.

पोच आली, पण पुढं हालचाल नाही. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी वस्तूचं नाव न अडखळता लिहून घेतलं, एकही आगाऊ प्रश्न विचारला नाही आणि नोंदणी क्रमांक दिला. तो क्रमांक त्या ईमेलच्या उत्तरात टाकला आणि गाडी हलली. थेट विक्रेत्याचाच फोन आला. हा माणूस वस्तू जाणणारा होता. मी तेच दोन प्रश्न विचारले. त्यानं सांगितलं की नव्या पंपात मर्यादेचा व्हॉल्व्ह आहे, आणि तो किती मिलिमीटरला उघडतो हे आकड्यासकट लिहून पाठवलं. बदली पंप आला. ताटावर लावला. त्याच आकड्याला व्हॉल्व्ह फुसकन उघडला, सुई सरळ शून्यावर. त्या दिवशी मला शांत झोप लागली.

तो आकडा लेखी घ्या. फोनवर सांगितलेल्याला काही अर्थ नाही. आणि खोकं उघडताना मोबाइलवर चित्रीकरण करा, पावती टाकू नका. खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि छापील किंमत असायलाच हवी. नसेल तर तक्रार कुणाविरुद्ध करणार?

आता राहिलेलं. रिंग वापरणार असाल तर अर्ध्या तासाच्या वर ठेवायची नाही, आणि रिंग लावून झोपायचं तर अजिबात नाही. रिंगेला ओढायला कान असतात तीच घ्या. रिंगेमुळं तिथं थोडं गार लागतं, रंग निळसर दिसतो, लिंग मुळाशी हलतं, वीर्य अडल्यासारखं वाटतं. आम्ही दोघं आधी घाबरलो होतो, डॉक्टरांनी हे होतंच असं सांगितलं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, सिकलसेल हा रक्ताचा आजार असेल (विदर्भात, नंदुरबारकडं हे घरोघरी विचारून घ्यायला हवं), लिंगाला मोठा बाक असेल किंवा पूर्वी कधी ताठरता तासन्‌तास उतरली नव्हती असं झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंपाला हात लावू नका. माझ्या हृदयाच्या गोळीमुळं आम्हालाही आधी विचारावं लागलं आणि त्यांनी व्हॅक्युम कमीच ठेवायला सांगितला.

मुळाशी केस बारीक करा, नाहीतर हवा गळते आणि माणूस उगाच जास्त पंप मारतो. जेल पाण्यात विरघळणारंच घ्या. तेल, व्हॅसलीन रबराची वाट लावतात. नळी ॲक्रिलिकची असेल तर स्पिरिटनं पुसू नका, बारीक तडे जातात आणि व्हॅक्युमखाली ती फुटू शकते. कोमट पाणी आणि साधा साबण पुरे. गेज आणि पंपाच्या मुठीत पाणी जाऊ देऊ नका, नळीपासून वेगळं काढून मगच धुवा. आणि दर महिन्याला ते ताट काढून एकदा सुई तपासा.